दगड शिजवल्याची हकीकत

आदरणीय दाजी,

नमस्कार. (एरवी वाकून केला असता, पण वाकलं की अजून खोकल्याची उबळ येते, तेव्हा या वेळी बसल्या जागेवरून केलेलाच गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? ताईचं डोकं दुखायचं थांबलं का? थांबलं नसेल तर त्याला जबाबदार कोण, हे मी जाणून आहे. मागे तिने फोनवर विचारलं, "काय रे, आवाज असा का येतोय?" आणि मी सरळ स्वभावाने सांगितलं, "काही नाही गं, आम्ही तिघंही हॉस्पिटलात आहोत, मी दगड शिजवत होतो." त्यापुढचं तिने ऐकूनच घेतलं नाही. नंतर मी जितक्यांदा समजावून सांगायला गेलो तितक्यांदा ती रडली, आणि शेवटी "नानांना दगड खायला घातलेस?" असं म्हणून तिने फोन ठेवला. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही मजकूर शेवटपर्यंत वाचता आणि मध्ये रडत नाही. शिवाय आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला निवांत वाचता येईल : नाना ठणठणीत आहेत, ही ठणठणीत आहे, मी ठणठणीतच्या आसपास आहे, आणि मासेसुद्धा ठणठणीत आहेत. दगड कोणीही खाल्लेला नाही.

मुळात हे मासे आले कुठून, ते सांगायला हवं. आई गेल्यावर नाना घराला कुलूप लावून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा तुम्ही त्यांना पोचवायला आला होतात, आणि "चार दिवसांत रुळतील" असं म्हणाला होतात. दाजी, ते रुळले नाहीत. त्यांना खिडकीपाशी खुर्ची ठेवली, तर ती उचलून त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली. आम्ही काहीही विचारलं की "हं" म्हणायचे. भूक आहे का, हं. पंखा लावू का, हं. झोप लागली का, हं. (होकाराचा हं आखूड असतो आणि नकाराचा लांब, हे कळायलाच आम्हाला बरेच दिवस गेले. तोवर ते नको असलेल्या पंख्याखाली बसले होते.) हिची नोकरी कोर्टात लघुलेखिकेची, म्हणजे लोक बोलतात ते जसंच्या तसं उतरवून घेण्याची. ती म्हणाली, "तुमच्या वडिलांचं आत्तापर्यंतचं सगळं बोलणं मी पेन्सिलीला टोक न करता उतरवलं असतं." हे ती हसत म्हणाली, पण नंतर स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना बघायला काहीतरी द्या, हलणारं. टीव्ही लावून पाहिला. नाना म्हणाले, "ही माणसं ओरडतात." आणि भिंतीकडे वळले. (तेवढं एक अख्खं वाक्य ऐकायला मिळालं म्हणून आम्ही टीव्ही आणखी आठवडाभर चालू ठेवला होता.) मग एक दिवस मी एका मोठ्या कचेरीत लिफ्ट दुरुस्त करायला गेलो असताना तिथल्या स्वागतकक्षात खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली. आत प्रवाळ डोलत होतं, निळा उजेड होता, आणि एक मासा माझ्याकडे असा बघत होता, जणू लिफ्ट बंद पडली त्यात माझीच चूक आहे. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नानांचं सगळं आयुष्य जहाजावर गेलं. त्यांना समुद्राची आठवण येत असणार. आपण समुद्र घरी आणू या, छोटासा, परवडेल एवढा. (नाना जहाजाच्या इंजिनखोलीत तेलपाण्याचं काम करायचे, ती खोली पाण्याच्या पातळीखाली असते, तिला खिडकी नसते, आणि समुद्र त्यांना फक्त जहाजावर चढताना आणि उतरताना दिसायचा, ही माहिती त्यांनी मला टाकी घरात आल्यावर दिली.)

माशांच्या दुकानदाराला सगळी गिऱ्हाइकं प्रोफेसर म्हणतात, कारण तो माल कमी विकतो आणि व्याख्यानं जास्त देतो. माझं ऐकून घेतल्यावर त्याने पहिलं काय सांगितलं असेल, तर "गोड्या पाण्याची टाकी घ्या, लाल मासे सोडा, सुखी राहा." मी म्हटलं, नाही, समुद्रच हवा, पण लहान, म्हणजे सांभाळायला सोपा. त्यावर त्याने चष्मा काढून पुसला आणि मला समजावलं की सगळं नेमकं उलटं आहे. समुद्रात काही मेलं तर समुद्राला पत्ता लागत नाही, पण हातभर टाकीत एक गोगलगाय मेली तरी सगळ्या टाकीचं वाटोळं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा आपला माल खपवतोय. (तो मला माल घेऊ नका असं सांगत होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.) मग मी विचारलं, समुद्राचं म्हणून जे खास मीठ मिळतं त्याऐवजी घरातलं चालेल का? तेव्हा तो उठला आणि त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. ते मीठ मी मुकाट्याने विकत घेतलं.

बाकी सगळं मात्र स्वस्तात उभं केलं. एका फोटोग्राफरने कासव पाळून झाल्यावर माळ्यावर टाकलेली काचेची टाकी आणली, तिला एका बाजूला चरा आहे, ती बाजू भिंतीकडे केली. दिवे एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या शोकेसमधले. खाली कपाटात प्लॅस्टिकचा टब, त्यात पंप. वरचं पाणी एका नळीने खाली टबात यायचं, तिथे गाळलं जायचं, आणि पंपाने दुसऱ्या नळीतून परत वर जायचं. मी म्हटलं, एवढी वर्षं माणसांना वर नेऊन खाली आणतोय, पाण्याला नेणं-आणणं काय अवघड आहे? पाणी तर मध्येच बटणंसुद्धा दाबत नाही. फक्त टाकीला नळाचं पाणी चालत नाही, अगदी शुद्ध लागतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरणाच्या यंत्राचं पाणी टाकीकडे वळवलं. तेव्हापासून आमच्या घरात माशांना शुद्ध पाणी आणि माणसांना उकळून गार केलेलं, अशी पद्धत सुरू झाली. (मासे अजून यायचे होते.)

कारण प्रोफेसरने बजावलं होतं, टाकी मुरू द्या. नुसतं खारं पाणी, वाळू आणि जिवंत खडक. जिवंत खडक म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव ज्यात राहतात असा समुद्रातला दगड. ते जीव पाण्यातली घाण खायला शिकेपर्यंत मासे सोडायचे नाहीत. तर आम्ही कित्येक आठवडे चपलांच्या दुकानाचा उजेड पाडून पाण्यात ठेवलेले दगड बघत बसलो होतो. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, मासे कुठे आहेत? मी म्हणायचो, अजून यायचेत. मग दिवा कशाला लावलाय? माझा एक सहकारी तर बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला आणि "हां, दिसला, दिसला" म्हणाला. नानांची खुर्ची आम्ही टाकीकडे वळवली. ती त्यांनी परत फिरवली नाही, एवढीच काय ती प्रगती. एकदा मी मोठ्या आशेने विचारलं, "नाना, कसं वाटतं?" ते म्हणाले, "पाणी आहे."

आणि मग एका दुपारी वीज गेली. दाजी, लिफ्टची वीज गेली की लिफ्टला ब्रेक लागतो. पाण्याला ब्रेक नसतो, हे मला एवढ्या वयात कळलं. पंप थांबला, पण वर पाणी नेणाऱ्या नळीचं तोंड टाकीत खोल बुडालेलं होतं, तिने उलटं पाणी ओढायला सुरुवात केली, आणि वरचा समुद्र खालच्या टबात, टबातून कपाटात, कपाटातून फरशीवर आणि फरशीतून खालच्या मजल्यावर गेला. खालच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांची शिकवणी चालू होती. बाई वर आल्या त्या उघडी छत्री घेऊनच. मी अजीजीने म्हटलं, "बाई, काळजी करू नका, पाणी अगदी स्वच्छ आहे." त्या म्हणाल्या, "खारट आहे." म्हणजे त्यांनी चाखलं होतं. नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक पाडलं की पाणी खाली जाताच भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते, हे मला प्रोफेसरने दुसऱ्या दिवशी सांगितलं. भोक पाडायला एक क्षण लागला. बाईंचं छत रंगवायला बराच काळ लागला, आणि त्या काळात त्या जिन्यात समोर आल्या की माझ्याऐवजी कठड्याकडे बघायच्या.

शेवटी मासे आले. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, दोन. त्यांच्याबरोबर लाल-पांढरी एक कोळंबी, जी दिवसभर कोणाचं अंग साफ करायला मिळतंय का बघत हिंडते. (हिने तिला "सासूबाई" असं नाव ठेवलं आहे. हे ताईला सांगू नका, आईचा विषय आहे, तिला लागेल. खरं तर आईला हसू आलं असतं.) नानांनी माशांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे खायचे नाहीत?" मी म्हटलं, नाही. "हं," नाना म्हणाले. लांबवाला.

आता दगडाकडे येतो. एक गृहस्थ शहर सोडून चालले होते, त्यांनी आपल्या टाकीतला एक दगड मला फुकट देऊ केला. त्यावर तपकिरी बटणांसारखे जीव होते, उजेड पडला की फुलासारखे उमलायचे, हात लावला की मिटायचे. फुकट म्हटल्यावर मी चौकशी केली नाही. दगड टाकीत ठेवला आणि ती बटणं पसरू लागली. शेजारच्या दगडावर गेली, काचेवर चढली, आणि प्रोफेसरकडून मोठ्या मिनतवारीने मिळवलेल्या नाजूक प्रवाळाच्या तुकड्याला त्यांनी चारी बाजूंनी घेरलं. मी त्यांना ब्रशाने घासलं, ती हटली नाहीत. चाकूने खरवडलं, ती अर्धी झाली आणि मग दुप्पट झाली. तेव्हा मी विचार केला, कामावर ग्रीस चिकटलेले भाग आपण कसे साफ करतो? उकळत्या पाण्यात टाकून. प्रोफेसरला विचारायचं डोक्यात आलं होतं, पण तो सुरू झाला की दुपार जाते. म्हणून घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घेतलं, त्यात पाणी आणि दगड घातला, वर झाकण ठेवलं आणि गॅस मोठा केला. बाहेर गारठा होता, खिडक्या लावलेल्या होत्या. हिची सुट्टी होती, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. नाना खुर्चीत. मी अधूनमधून झाकण उघडून बटणं गेली का बघत होतो.

पहिल्यांदा हिने म्हटलं, "माझं तोंड का कडू झालंय?" मग मला कडू लागायला लागलं. घसा खवखवायला लागला, अंगात हुडहुडी भरली, आणि दोघांनाही खोकला सुरू झाला. मला वाटलं, साथ आली असेल. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नानांचा खोकला ऐकू आला आणि तो थांबेना. जाऊन बघतो तर ते खुर्चीत पुढे कलंडले होते, ओठ निळसर, आणि श्वास असा चालला होता जसा पाणी संपलेला पंप हवा ओढतो. दाजी, या जागी मी विनोद करत नाही. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि नानांना खुर्चीसकट उचलून आम्ही दोघंच खोकत खोकत बाहेर जिन्यात आलो. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. (गेले काही महिने "या रविवारी बघतो" असं मी सगळ्यांना सांगत होतो. त्याबद्दल या घटकेला काही बोलू नका. इथले सगळे बोलून झाले आहेत.) खालच्या मजल्यावर गाण्याच्या बाईंनी दार उघडलं, एकदा नानांकडे बघितलं, आणि गाडीची किल्ली घेऊन आमच्यापुढे जिना उतरायला लागल्या. इतक्या दिवसांत त्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते "पाय आत घ्या, दार लावायचंय."

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, काही नाही. मग काय करत होतात? मी सांगितलं. ती लिहायची थांबली.

"दगड," ती म्हणाली.

"हो."

"पातेल्यात."

"झाकण ठेवून."

"असं करावंसं यापूर्वी कधी वाटलं होतं का?" तिने अगदी हळुवार आवाजात विचारलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिने माझा घसा सोडून डोक्याचा तपास सुरू केला आहे. शेजारच्या खाटेवरून हिने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि धापा टाकत म्हणाली, "डॉक्टर, खाली दारात नोंद करणाऱ्या माणसाला यांनी 'शिजवत होतो' असं सांगितलंय, 'उकळत होतो' नाही. लिहायचं तर नीट लिहा." आणि मास्क परत लावून घेतला. वीस वर्षांची सवय.

शेवटी प्रोफेसरला फोन लावला आणि डॉक्टरणीच्या कानाला दिला. त्या बटणांमध्ये जबरदस्त विष असतं, उकळलं की ते वाफेबरोबर हवेत येतं आणि फुप्फुसात जातं, हे त्याने सांगितलं. असं आधीही घडलेलं आहे म्हणे, शहाण्यासुरत्या लोकांच्या घरी. प्रोफेसरचं व्याख्यान कोणी पुरतं ऐकून घेतल्याची ती पहिलीच वेळ असावी. डॉक्टरणीने मध्ये एकदाही तोडलं नाही, शेवटी "आभारी आहे, सर" म्हणाली, आणि मग तिथली सगळी माणसं एकदम भराभर चालायला लागली. आम्हा दोघांना बरं वाटायला लागलं तरी नानांना वेगळ्या खोलीत नेलं होतं. काचेतून बघायची परवानगी होती. मी काचेशी उभा राहून त्यांची छाती वर-खाली होताना बघत होतो, आणि ताईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य जुळत नव्हतं. ही शेजारी येऊन उभी राहिली. तिला वाक्यं जुळवून देता आली असती, तरी दिली नाहीत, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स धावत आली, "आजोबा काहीतरी बरळतायत, लवकर या." आम्ही धावलो. नाना उशीला टेकून बसले होते, मास्क त्यांनी गळ्यात ओढला होता, आणि मला बघताच त्यांनी सुरुवात केली. "बंद खोलीत वाफ सोडतोस? झडपा लावून? अरे, इंजिनखोलीत असं कोणी केलं असतं तर चीफने त्याला पुढच्या बंदरात उतरवून दिलं असतं, पगार कापून! आधी हवेला वाट करायची, मग आग पेटवायची, हे काय मी तुला शिकवायचं? आणि ते पातेलं! एवढ्याशा बर्नरवर एवढं पातेलं कोण चढवतं?" दाजी, तिथून जे ते निघाले ते थांबलेच नाहीत. माझा गॅस, माझी नळी, माझी बंद लिफ्ट, मी शाळेत असताना सायकलची चेन बसवली होती ती, सगळं आलं. नर्सने विचारलं, इंजेक्शन देऊ का, शांत होतील. ही ओरडलीच, "नाही! बोलू द्या त्यांना!" ती रडत होती आणि हसत होती, आणि सवयीने तिच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती. डॉक्टरीणही आली, तिने नानांना त्यांचं नाव, दिवस, वार विचारलं. नानांनी सगळं बरोबर सांगितलं आणि तिला म्हणाले, "तुमच्या या यंत्राचा पट्टा सैल झालाय, आवाज येतोय."

मला आयुष्यात इतक्या शिव्या कधी बसल्या नव्हत्या आणि इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा टाकी जशीच्या तशी होती. गाण्याच्या बाईंनी आमच्या घराची किल्ली ठेवून घेतली होती, त्यांनी प्रोफेसरला बोलावून घर पुसून, हवेशीर करून घेतलं, तो दगड बांधून न्यायला लावला, आणि माशांना खायला घातलं. (फार घातलं. माशांची पोटं फुग्यासारखी झाली होती. पण त्यांना बोलण्याची माझी प्राज्ञा नाही.) मी नानांसमोर जाहीर केलं की आता ही टाकी मोडून टाकतो. तर नाना उठले, कपाटाला कान लावला आणि म्हणाले, "थांब. पंप कण्हतोय." बघतो तर पंपाच्या तोंडात गोगलगाय अडकली होती. तेव्हापासून दाजी, नानांची खुर्ची टाकीसमोर नसून कपाटासमोर आहे. मासे, प्रवाळ, सासूबाई यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. वरती जे चालतं ते त्यांच्या लेखी प्रवाशांचं. त्यांचं काम खाली. सकाळ-संध्याकाळ पंपाचा आवाज ऐकतात, पाण्याचं तापमान बघतात, कमी झालेलं पाणी भरतात, आणि सगळ्याचा अहवाल तोंडी देतात, मोठ्याने, सविस्तर, आम्ही जेवत असताना. एकदा त्यांना पंपाला तेल घालताना मी ऐनवेळी पकडलं. एक थेंब पडला असता तरी समुद्र संपला असता. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यांनी मला परत सायकलची चेन ऐकवली. ही म्हणते, आता थोडं कमी बोलले तरी चालेल. पण हे ती नळ बंद ठेवून, त्यांच्यासमोर म्हणते.

तर अशी हकीकत आहे. ताईला सगळं नीट समजावून सांगा, पातेल्यापासून सुरुवात करू नका. गुडघ्यांना जपा. मुलांना आशीर्वाद. आम्ही सारे खोकत का होईना, मजेत आहोत.

तुमचा,
लिफ्टवाला मेहुणा

ता. क. एक बोलायचं राहिलं. ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यापासून नाना तुमच्याकडे यायचे आहेत. ताईने खोलीला पडदेसुद्धा शिवले आहेत, हे मला माहीत आहे. दाजी, त्यांना इथेच राहू द्या. हे मी मागितलं असं ताईला सांगू नका, नाहीतर पुन्हा रडेल. तुम्हालाच सुचलं असं सांगा. म्हातारा माणूस आपल्या यंत्रापासून तोडू नये, असं काहीतरी. तुमचं ती ऐकते.

ता. क. दुसरा : हे पत्र नानांना वाचून दाखवलं. (वरचा ता. क. गाळून.) त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, तीन ठिकाणी चुका काढल्या, आणि मग विचारलं, "जावईबापूंच्या बर्फाच्या कारखान्यात तो जनरेटर आहे ना अजून? डिझेलचा?" मी बेसावधपणे हो म्हणालो. तेव्हापासून ते आपली बॅग शोधत आहेत.

ता. क. तिसरा : कृपा करून उलट टपाली नानांच्या नावाने, ठळक अक्षरांत, जनरेटर विकल्याचं कळवा. विकायची गरज नाही.